७६८ किलो, पण कशासकट?

प्रश्न आधी सांगतो. जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने सेमिनारसाठी शर्यतीच्या गाड्यांच्या किमान वजनांचा तक्ता केला आहे. फॉर्म्युला वन ७६८ किलो, अमेरिकेतली इंडीकार साधारण ७७१, विजेवरची फॉर्म्युला ई ८४०, फ्रान्समधल्या २४ तासांच्या ल मॉं शर्यतीची हायपरकार १०३०, जागतिक रॅलीची गाडी ११८० आणि अमेरिकेतलीच नॅस्कार १४५१. शेजारच्या रकान्यात लांबी, रुंदी, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. त्याचं म्हणणं असं: "भाऊ, फॉर्म्युला वन आणि इंडीकार यांच्या वजनात जेमतेम तीन किलोचा फरक दिसतो, मग वेगात एवढी तफावत कशी? प्रत्येकाने वेगळाच आकडा का धरलाय? आणि आमच्या कॉलेजची जी गाडी बनतेय तिला किमान वजन किती धरायचं?"

तक्ता मेहनतीने केलायस आणि आकडेही चुकीचे नाहीत. पण हे सहा आकडे एकाखाली एक मांडून त्यांची वजाबाकी करता येत नाही. आपल्याकडे जिनिंगच्या भुईकाट्यावर कापसाची गाडी चढते तेव्हा पावतीवर भरलेलं वजन वेगळं, रिकामं वजन वेगळं आणि निव्वळ वजन वेगळं छापून येतं. तुझ्या तक्त्यात कुणाचं भरलेलं आहे, कुणाचं रिकामं, आणि ते कुठेच लिहिलेलं नाही. मी शर्यतींच्या तांत्रिक तपासणीचं काम करतो. तिथे गाडी काट्यावर चढवण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहतो. नियमात वजन कशासकट मोजायचं म्हटलंय, ते कधी मोजायचं, आणि कमी भरलं तर काय होणार. आकडा त्यानंतर.

तुझ्याच पहिल्या दोन ओळी घे. फॉर्म्युला वनच्या ७६८ किलोंत ड्रायव्हर धरलेला आहे, हेल्मेट आणि सूट घालून. पेट्रोल धरलेलं नाही. इंडीकारच्या ७७१ मध्ये ड्रायव्हरही नाही आणि इंधनही नाही. आता फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरपोटी किमान ८२ किलो धरतात, म्हणजे नुसती गाडी ६८६ च्या आसपास आली. इंडीकारमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा ड्रायव्हर बसवला की तीच गाडी साडेआठशेच्या पुढे जाते. तुझ्या तक्त्यातला तीन किलोचा फरक प्रत्यक्षात पंच्याऐंशीच्या घरात निघाला.

नॅस्कारचे १४५१ म्हणजे मूळचे ३२०० पौंड. तेही ड्रायव्हर आणि पेट्रोल वगळून. दोन्ही धरले तर ३४८५ पौंड, साधारण १५८० किलो. हायपरकारचे १०३० हेसुद्धा ड्रायव्हर आणि इंधनाविना. रॅलीत तर दोन माणसं बसतात. नियमात जोडीचे मिळून १६० किलो धरले जातात, म्हणजे ११८० ची गाडी १३४० होते. वर एक गंमत, रॅलीची गाडी एकाच स्टेपनीसकट मोजतात. दोन नेल्या असतील तर दुसरी उतरवून ठेवायची. फॉर्म्युला ईचे ८४० मात्र ड्रायव्हरसकट, त्यामुळे ती ओळ फॉर्म्युला वनशेजारी तशीच चालेल. तक्त्यात एक रकाना वाढव, "कशासकट" असा. मगच पुढचं बोलणं.

आता वेगाचं. २०१९ साली दोन्ही मालिका अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिन इथल्या एकाच ट्रॅकवर धावल्या, म्हणून तुलनेला ते वर्ष सोयीचं. पोल पोझिशनची, म्हणजे पात्रता फेरीतली सर्वांत वेगवान वेळ फॉर्म्युला वनची १ मिनिट ३२ सेकंद, इंडीकारची १ मिनिट ४६ सेकंद. चौदा सेकंदांचं अंतर. फॉर्म्युला वनमध्ये ढोबळ हिशोब असा सांगतात की दहा किलो वाढले की एका फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जातात. त्या वर्षी दोघींच्या खऱ्या वजनातला फरक सत्तर-ऐंशी किलोंचा होता असं धरलं, तरी वजनाच्या खात्यात दोन-अडीच सेकंद पडतात. उरलेले साडेअकरा-बारा सेकंद गाडीला जमिनीवर दाबणाऱ्या हवेचे, टायरचे आणि ताकदीचे. सेमिनारमध्ये हा हिशोब फळ्यावर करून दाखव. वजन हेच सगळ्याचं मूळ आहे असं समजणारे बरेच भेटतात, प्राध्यापकांतसुद्धा.

प्रत्येकाने वेगळा आकडा का धरला, याचं उत्तर मोठं आहे. कारण वजनाचा नियम हा त्या त्या खेळाला कशाची भीती वाटते त्यावर बेतलेला असतो, आणि ती भीती बदलत गेली आहे.

सुरुवातीला भीती उलटी होती. १९३४ ते १९३७ या काळात ग्रां प्री शर्यतींचा नियम किमान वजनाचा नव्हता, कमाल वजनाचा होता. ड्रायव्हर, इंधन, तेल, पाणी आणि टायर सोडून गाडी ७५० किलोंपेक्षा जड असता कामा नये. हेतू असा की गाडी हलकी ठेवायला लावली की मोठं इंजिन बसवता येणार नाही आणि वेग आपोआप आवरेल. झालं भलतंच. मर्सिडीज आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांनी हलके मिश्रधातू वापरून बाकीची गाडी एवढी उतरवली की इंजिनासाठी भरपूर किलो मोकळे राहिले. १९३७ ची मर्सिडीज डब्ल्यू १२५ साडेपाच लिटरच्या वरचं इंजिन घेऊन सहाशे अश्वशक्तीच्या जवळ पोचली होती, आणि टायर त्या काळचे, बोटभर रुंदीचे म्हणावेत असे. १९३४ ला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर मर्सिडीजची गाडी एक किलो जास्त भरली म्हणून रात्रीत पांढरा रंग खरवडला आणि तिथून चंदेरी गाड्या आल्या, ही गोष्ट तू ऐकली असशील. इतिहासकार तिच्यावर शंका घेतात, तेव्हा स्लाइडवर ती दंतकथा म्हणूनच टाक.

फॉर्म्युला वनमध्ये किमान वजन आलं ते १९६१ ला, दीड लिटरच्या इंजिनांबरोबर, ४५० किलो. आता भीती अशी होती की हलकं करण्याच्या नादात लोक नळी पातळ करतील, पत्रा पातळ करतील आणि ड्रायव्हर मरेल. त्यापुढचा प्रवास चढाचाच आहे, मध्ये एखादा उतार सोडला तर. १९६६ ला ५००. १९९५ पासून ड्रायव्हर धरून ५९५. २०१० ला ६२०, २०१३ ला ६४२. २०१४ ला हायब्रिड आलं, बॅटरी, दोन मोटर-जनरेटर, टर्बो, आणि आकडा एकदम ६९१. २०१७ ला रुंद टायर आणि रुंद गाडी, ७२८. २०१८ ला डोक्यावरची टायटेनियमची कमान, हॅलो. ती एकटीच सात किलोंची, आणि तिला बसवायला चासिस मजबूत करावं लागलं ते वेगळं. २०२२ ला १८ इंचांची चाकं आणि कडक क्रॅश टेस्ट, ७९८. २०२५ ला ८००. म्हणजे बारा वर्षांत दीडशेच्या वर किलो चढले. यातला प्रत्येक किलो कुणीतरी सयुक्तिक कारण देऊन चढवलाय, म्हणून उतरवायला कुणी तयार होत नाही. २०२६ च्या नियमांत ३२ किलो उतरवून ७६८ चा आकडा जाहीर झाला, तोही गाडी आखूड, अरुंद आणि टायर बारीक केले तेव्हा कुठे.

आणि ते किमान गाठणंही सोपं नसतं. २०२२ च्या हंगामाआधी मर्यादा ७९५ ठरलेली होती, पण बऱ्याच गाड्या जड निघाल्या म्हणून ऐन वेळी तीन किलो वाढवून दिले. तरीही संघांनी रंग काढून उघडा काळा कार्बन ठेवला. रंगाचं वजन किलोंत भरतं. नुर्बुर्गरिंगची कथा खरी असो नसो, हे मात्र टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय.

गाडी किमानाच्या खाली उतरवता आली तर संघाला दुहेरी फायदा होतो, कारण उरलेलं वजन बॅलास्ट, म्हणजे मुद्दाम लावलेलं जड वजन, म्हणून हवं तिथे ठेवता येतं. बॅलास्ट टंगस्टनचं असतं. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, म्हणजे तेवढंच वजन कमी जागेत आणि जमिनीला चिकटून बसतं. नियम एवढाच की ते हत्याराशिवाय सुटता कामा नये. या बॅलास्टच्या खेळाला आळा घालायला २०११ पासून पुढच्या आणि मागच्या धुऱ्यावर किती वजन पडलं पाहिजे तेही बांधून दिलं. त्या वर्षी एकूण किमान ६४० किलो, पुढे किमान २९१, मागे किमान ३४२. बेरीज कर, ६३३ येते. म्हणजे संघाच्या मर्जीवर उरले फक्त सात किलो. नियम लिहिणाऱ्याचं कसब मला अशा ठिकाणी दिसतं.

ड्रायव्हरचं वजन ही वेगळीच डोकेदुखी. गाडी आणि ड्रायव्हर एकत्र मोजले की बारीक अंगाचा ड्रायव्हर संघाला परवडतो, त्याच्या वाचलेल्या किलोंचं टंगस्टन तळाशी टाकता येतं. उंच मुलं उपाशी राहायची, पाण्याची बाटलीसुद्धा गाडीतून काढायची. २०१९ ला नियम आला की ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलो, कमी पडतील तेवढं वजन सीटपाशीच लावायचं, दुसरीकडे नाही. इंडीकारने हे आधी केलं होतं. २००५ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये डॅनिका पॅट्रिक पहिल्याच खेपेला चौथी आली, त्याच सुमारास दुसऱ्या एका ड्रायव्हरने तक्रार केली की तिच्या कमी वजनाचा तिला फायदा मिळतो. २००८ च्या हंगामापासून ड्रायव्हरच्या वजनाची बरोबरी करण्याचा नियम लागला. त्याच एप्रिलमध्ये ती जपानमध्ये मोटेगीला जिंकली, इंडीकारची शर्यत जिंकणारी पहिली महिला म्हणून.

आता "कधी मोजायचं". या शब्दावर शर्यती गेल्या आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नियम असा होता की तेल-पाणी वगैरे भरून मग मोजायचं. संघांनी ब्रेक थंड करायच्या नावाखाली पाण्याच्या टाक्या बसवल्या. शर्यत सुरू झाली की पाणी सोडून द्यायचं, हलकं होऊन पळायचं, आणि संपल्यावर टाकी भरून काट्यावर जायचं. १९८२ ला ब्राझीलमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गाड्या यावरून बाद झाल्या. १९८४ ला टिरेल संघाच्या पाण्याच्या टाकीत शिशाच्या गोळ्या निघाल्या. अख्ख्या हंगामातून त्यांचं नाव खोडलं गेलं.

हल्लीचं उदाहरण २०२४ चं, बेल्जियमचं. जॉर्ज रसेल पहिला आला. काट्यावर गाडी बरोबर ७९८. मग नियमाप्रमाणे टाकीतलं उरलेलं पेट्रोल काढलं, २.८ लिटर. पुन्हा काट्यावर, ७९६.५. दीड किलोने विजय गेला. त्याने एकाच टायर बदलात शर्यत काढली होती, त्यामुळे टायरचं रबर झिजून हलकं झालं हे एक कारण सांगितलं जातं. एरवी शर्यत संपल्यावर ड्रायव्हर सावकाश पूर्ण फेरी मारतात आणि ट्रॅकवर पडलेलं रबर टायरला चिकटवून आणतात, त्यात किलो-दीड किलोची भर पडते. बेल्जियमच्या या स्पा ट्रॅकवर मात्र गाड्या पूर्ण फेरी न मारता परत वळवतात. २०२५ ला चीनमध्ये दोन गाड्या ७९९ भरल्या, एक किलोने बाद. "एका किलोने काय होतं?" असं आमच्याकडेही दरवेळी कुणीतरी विचारतंच. ज्या ड्रायव्हरने तो किलो नियमात बसवायला काहीतरी सोडलेलं असतं, तो शेजारच्याच गॅरेजात उभा असतो. त्याच शर्यतीत लुईस हॅमिल्टनची गाडी तळाच्या फळीच्या झिजेवरून बाद झाली. ही फळी दहा मिलिमीटर जाड असते आणि शर्यत संपताना नऊ राहिली पाहिजे. तिचा उद्देशही मापाचाच, गाडी जमिनीला किती खेटून चालवता ते पाहण्याचा.

एक अवांतर. २०२५ पासून फार उकाडा असेल तर फॉर्म्युला वनमध्ये धोक्याची सूचना काढतात, ड्रायव्हरला थंड ठेवायची यंत्रणा बसवावी लागते आणि तिच्यापोटी किमान वजन पाच किलोंनी वाढतं. ही सूचना उष्मा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाईल असं दिसलं की निघते. भुसावळच्या माणसाला हे सांगून बघ. अर्थात त्यात दमटपणा धरलेला असतो आणि कॉकपिटमध्ये वारा नसतो, हेही त्याला सांग.

मापांकडे येऊ. लोकांना वाटतं माप म्हणजे ट्रॅकवर मावण्यापुरती गोष्ट. खरं तर मापाच्या नियमाने गाडीचा आकारच ठरतो, आणि आपल्या रस्त्यावर याचा पुरावा उभा आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून २००८ ला ४१६० मिलिमीटर असलेली स्विफ्ट डिझायर २०१२ ला ३९९५ ची झाली, डिकी कापून. पाच मिलिमीटर राखून! शर्यतीतले डिझायनर असेच शेवटच्या मिलिमीटरपर्यंत जातात. फॉर्म्युला वनमध्ये २०२२ ला व्हीलबेसची मर्यादा घातली, ३६०० मिलिमीटर, आणि संघ त्याच्या जवळपासच राहिले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलंच अंतर अख्ख्या डिझायरपेक्षा फक्त चाळीस सेंटिमीटर कमी, यावरून गाडी केवढी होती ते बघ. लांब तळ म्हणजे खालून जाणाऱ्या हवेला जास्त जागा, म्हणजे जास्त दाब. पण लांब गाडी जडही होते आणि मोनॅकोच्या गल्लीत वळतही नाही. २०२६ ला ३४०० केलं आणि रुंदी २००० वरून १९००. रुंदीचा इतिहास तर पुढे-मागे झुलणारा आहे. १९९३ ला २१५० वरून २००० केली, १९९८ ला १८००, २०१७ ला पुन्हा २०००, आता १९००. कधी वेग आवरायला, कधी तो वाढवायला.

ल मॉंच्या हायपरकारमध्ये दोन वंशांच्या गाड्या एकत्र धावतात. एका प्रकारात कंपनी सगळी गाडी स्वतः घडवते, तिची लांबी ५००० मिलिमीटरपर्यंत. दुसऱ्यात चार ठरावीक निर्मात्यांपैकी एकाचा सांगाडा घ्यायचा, दल्लारा, लिजिए, मल्टिमॅटिक किंवा ओरेका; लांबी ५१०० पर्यंत, व्हीलबेस ३१५०. रुंदी २०००. पहिल्या प्रकाराला सुरुवातीला ११०० किलो ठरवलेले, पण दुसऱ्याशी जुळवायला १०३० वर आणले. पण तुझ्या तक्त्यातले हे १०३० प्रत्यक्षात क्वचितच दिसतील, कारण इथे शर्यतीगणिक समतोल साधतात. जी गाडी वेगवान दिसते तिच्यावर किलो चढवतात किंवा ताकद उतरवतात. २०२३ च्या ल मॉंआधी आठवडाभर टोयोटावर ३७ किलो चढवले, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११, पोर्शेवर ३. शर्यत फेरारीने जिंकली, टोयोटाची सलग पाच विजयांची मालिका तुटली, आणि किलोंचा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला हा प्रकार मनापासून पटत नाही. पण एवढ्या कंपन्या एका रांगेत उभ्या राहिल्या त्या याच सोयीमुळे, हेही नाकारता येत नाही. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या जीटी ३ वर्गाचं तर सगळंच या समतोलावर चालतं. तिथे तुझ्या तक्त्यात एक आकडा टाकायला जाऊ नकोस. गाडीगणिक वेगळा असतो, साधारण १२५० ते १३५० च्या पट्ट्यात.

नॅस्कारची भीती अजून वेगळी, पैशाची आणि चलाखीची. २०२२ पासूनच्या गाडीत सांगाडा आणि बहुतेक सुटे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. व्हीलबेस ११० इंच, म्हणजे २७९४ मिलिमीटर, सगळ्यांना सारखा. इथे हलकं करण्याला अर्थच नाही म्हणून लोकांचं डोकं आकारावर चालतं. पूर्वी बॉडीवर पत्र्याचे साचे टेकवून तपासायचे. २०१८ पासून कॅमेऱ्यांनी अख्खी गाडी स्कॅन करतात. २०२२ च्या जुलैत पोकोनोला डेनी हॅम्लिन जिंकला आणि काईल बुश दुसरा आला. तपासणीत नाकावरच्या स्टिकरखाली चिकटपट्टीचे जादा थर निघाले. दोघेही बाद. कागदाएवढी जाडी, पण हवा तिथून कशी वळते ते बदलायला पुरते.

रॅली आणि फॉर्म्युला ईबद्दल थोडक्यात. रॅलीत २०२२ ला हायब्रिड आलं आणि वजन १२६० झालं; २०२५ ला ते काढलं आणि ११८० वर आलं. ऐंशी किलोंचा फरक कशाचा हे वेगळं सांगायला नको. रुंदी १८७५ मिलिमीटर. फॉर्म्युला ईने २०२३ ला तिसऱ्या पिढीची गाडी आणली ती आधीच्या ९०० च्या जागी ८४० किलोंची, रुंदी १७०० आणि लांबी पाच मीटरच्या जेमतेम वर. शहरातल्या रस्त्यांवर शर्यत असल्याने गाडी अरुंद हवीच होती, आणि किलो वाचवायला मागचे नेहमीचे ब्रेक काढून तिथलं काम मोटरवर सोपवलं. हीच गाडी फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेन सागरच्या काठाने धावली. तुमच्यापैकी कुणी तिथे गेलं असेल तर रुंदीचा अंदाज डोळ्यांनी आला असेल.

राहिली तुमची गाडी. तू लिहिलंयस की कॉलेजजवळच्या भुईकाट्यावर नेली, रिकामी २७० भरली, तू बसल्यावर ३३०, आणि तुझं वजन ६६ आहे. सहा किलो गेले कुठे? कुठेच नाही. ट्रक मोजायचा काटा दहा-दहा किलोंच्या पायरीने आकडा दाखवतो. त्यावर २६६ ही २७० आणि ३३२ ही ३३०. काट्यावाल्याने "हाई काय शे भो?" विचारून पावती दिली असेल, पण ती पावती रिपोर्टला लावू नकोस.

बाजारातले चार सारखे डिजिटल वजनकाटे घ्या, घरात माणसं चढतात तसले. प्रत्येकाची क्षमता दीडशे किलोंची असली की पुरे. चारही एकाच माणसावर तपासून घ्या, दोन-तीनशे ग्रॅमचा फरक दिसला तर काट्यावर लिहून ठेवा. मग वर्कशॉपच्या फरशीवर चार चाकांच्या जागा खडूने आखा आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन चारही काटे एका पातळीत आणा. खाली प्लायचे तुकडे सारा. हे कंटाळवाणं काम आहे आणि मुलं नेमकं हेच टाळतात. फरशी तीन-चार मिलिमीटर जरी कलली असेल तरी कडक स्प्रिंगच्या गाडीत एका कोपऱ्याचं वजन दुसऱ्यावर सरकतं. टायरची हवा सारखी करा, ड्रायव्हर पूर्ण गणवेशात बसवा, हात स्टिअरिंगवर, चाकं सरळ. गाडी दोनदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन मोकळं बसेल. मग चारही आकडे एकदम वाचा.

पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी आली पाहिजे. ५२-५३ टक्के आली तर गाडी एका बाजूला चांगली वळेल आणि दुसरीकडे ओढेल. पुशरॉडची, म्हणजे चाकाला स्प्रिंगशी जोडणाऱ्या दांडीची, लांबी थोडी थोडी बदलून ती जुळते, बॅलास्ट लागत नाही.

किमान वजनाचं उत्तर छोटं आहे. फॉर्म्युला स्टुडंट ही कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा, तिच्या नियमांत किमान वजनच नाही. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत होते, तिथे तुम्हाला हेच नियम भेटतील. वजनाऐवजी त्यांनी बाकीच्या बाजूंनी कुंपण घातलंय. व्हीलबेस किमान १५२५ मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या ट्रॅकपैकी (म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरापैकी) अरुंद असेल तो रुंद असलेल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी नको, इंजिन ७१० सीसीपर्यंत, उंच माणसाचा पुठ्ठ्याचा साचा सीटवर बसला पाहिजे, आणि गाडी ६० अंशांपर्यंत तिरपी केली तरी उलटता कामा नये. तुमच्या २६६ मधले वीस-पंचवीस किलो कुठे आहेत ते मला फोटोवरूनच दिसतंय. मागच्या डिफरन्शिअलच्या प्लेटा दहा मिलिमीटरच्या साध्या पोलादाच्या (एमएस) आहेत, पेडल बॉक्स शाळेच्या बाकासारखा भक्कम आहे, आणि बोल्ट सगळीकडे एम १२ चे, म्हणजे बारा मिलिमीटर जाडीचे. चासिसच्या नळीला मात्र हात लावू नका. तिची जाडी नियमात बांधलेली आहे आणि ती तपासतात.

तिरपं करण्याच्या चाचणीआधी टाकी पूर्ण भरून घ्या, कारण तिथे इंधन गळतं की नाही हेही बघतात. आणि काटे परत करायच्या आधी पावसाळी टायर चढवून एकदा फेरमोजणी करा. ते जड असतात, आणि त्यांच्यावर राइड हाइट, म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंचीही बदलते.